इथे कोणी मेस्त्री राहत नाही

भांडुपच्या डोंगरावरच्या चाळीत एखादा माणूस परदेशी जाणार असं ठरलं, की त्याचा भाव चढतो. धोंडू मेस्त्रीचा दिवाळीत चढला. फोर्टातल्या ऑस्ट्रेलियाच्या कचेरीत त्याची मुलाखत झाली आणि दुसऱ्याच सकाळी नळावर त्याच्या बायकोला, मालनला, बायकांनी पुढे बोलावून हंडा लावू दिला. शेजारच्या अनंत टेम्पोवाल्याने तर आपणहून त्यांच्या पत्र्याच्या भोकांवर डांबर ओतलं. अनंताच्या भावाचं लग्न ठरत होतं आणि त्याला खोली हवी होती. 'तुम्ही गेल्यावर' हे शब्द तो इतक्या मायेने उच्चारायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, याचा सख्खा भाऊच निघालाय.

मग संक्रांत गेली, शिमगा गेला, पाडव्याची गुढी उतरली. कचेरीतून ना होकार, ना नकार. मालन नळावर हळूहळू मागे सरकत सरकत पुन्हा आपल्या जुन्या जागी आली. अनंताने पाठ फिरवली नाही, पण डांबराचा डबा परत मागून नेला.

धोंडू पॅटर्नमेकर होता. पंपाचं पोट असो की झडपेचं तोंड, लोखंडात ओतायच्या आधी ते लाकडात घडवायचं, ही त्याची विद्या. त्याच्या घराण्यात होड्या व्हायच्या, देवळांचे खांब व्हायचे. त्याने फाउंड्री धरली. त्या फाउंड्रीला गणपतीत टाळं लागलं. तेव्हापासून तो कांजूरमार्गच्या एका अ‍ॅल्युमिनियमवाल्याची बारीकसारीक पॅटर्न्स घरीच करून देत होता. त्यासाठी त्याने खोलीपुढे चार वासे ठोकून पडवी काढली होती आणि तिच्यात बाकडं बसवलं होतं. वैशाखातल्या दुपारी पत्रा असा तापायचा, की रंधा मारताना घाम लाकडावर पडून डाग धरायचा. म्हणून कपाळाला मालनच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून तो काम करायचा.

आतल्या खिळ्यावर एक लोकरीचा कोट लटकत होता. थंडीची भीती ज्याने त्याने घातली म्हणून जुन्या बाजारातून घेतलेला. खिशात डांबराच्या गोळ्या. जाणारायेणारा त्या कोटाकडे बघायचा आणि मग धोंडूकडे. न्हाव्याने तर भर दुकानात विचारलं, "काय मेस्त्री, इमान घाटात बंद पडला काय?" गालावर वस्तरा असलेला माणूस काय उत्तर देणार?

त्यातच फाउंड्रीच्या दारावर नोटीस लागली. कारखाना वापीला निघाला. ज्यांना यायचं असेल त्यांनी सोमवारी सकाळी गेटवर येऊन सही करावी, तीन वर्षं बांधून घ्यावं, आणि आपले मूळ दाखले कंपनीत जमा करावेत. जो येणार नाही त्याचं नाव कायमचं कमी.

"दाखले वापीला गेले, तर ऑस्ट्रेलियाला काय दाखवणार? तुमचा कोट?" मालन म्हणाली. ती साडीला फॉल लावत होती. मुलुंडच्या एका दुकानाचं काम ती घरी आणायची. बोलताना दातांत दोरा, त्यामुळे तिचा राग नेहमी अर्धाच बाहेर पडायचा.

"आणि ऑस्ट्रेलियाने नाही म्हटलं तर?"

"म्हटलंय का?"

"हो तरी कुठे म्हटलंय?"

असा तो सामना रोज बरोबरीत सुटायचा. सोमवार जवळ येत होता.

बुधवारी धोंडू पॅटर्न पोचवायला कांजूरला गेला आणि मालन साड्या घेऊन मुलुंडला. संध्याकाळी दोघं चढ चढून वर आली, तर समोरच्या खोलीतली सुंदराबाई पायरीवर पाय पसरून त्यांचीच वाट बघत होती. सुंदराबाई विधवा, मालवणाकडची, चाळीत सर्वांत जुनी. तिच्या चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचं तेज होतं.

"धोंडू, मेल्या, पेढे हाड," ती म्हणाली. "आज तुजी पडवी वाचयलंय."

महापालिकेच्या वॉर्डातली माणसं मागच्या महिन्यात येऊन पाडायच्या वाढीव बांधकामांवर खडूने आकडे टाकून गेली होती, ते साऱ्या चाळीच्या पोटात होतंच. आणि या चाळीचा एक कायदा होता. प्यांट घातलेला, काखेत फाईल असलेला माणूस चढावर दिसला आणि त्याने कोणाचंही नाव विचारलं, की उत्तर एकच. असा कोणी इथे राहत नाही. राहत असलाच तर गावाला गेलाय. हा कायदा कोणी कोणाला शिकवत नसे. पोरं तो दुधाबरोबर प्यायची.

"एक बापयमाणूस इलो," सुंदराबाई सांगू लागली. "चष्मो, छत्री, हातात फायल. माका इचारता, धोंडू मेस्त्री हयच रवता काय? म्हटलं, कोण मेस्त्री? हय कोणच मेस्त्री रवना नाय. तर म्हणता, सुतार असा तो. म्हटलं, बाबा, ह्या चाळीन जल्मात रंधो बघूक नाय!"

"मग?" धोंडूला हसू यायला लागलं होतं.

"मग काय! तेची नजर पडवीत. मी आधीच तुज्या बाकड्यार गोधडी घातल्लंय, वर सोलां वाळत टाकल्लंय आणि थयच बसलंय. हत्यारां अनंताच्या बायलेन पिंपात टाकल्यान. तो बघता, इकडे बघता, तिकडे बघता. सोलां बघून गेलो!"

जमलेल्या बायका हसल्या. अनंताची बायको पिंपातली पटाशी काढून दाखवू लागली. हसली नाही ती एकटी मालन. ती मूळची लालबागची, गिरणी कामगाराची मुलगी. चौकशी करणाऱ्यांच्या जाती तिला ठाऊक होत्या.

"काकी, अजून काय विचारलं त्याने?"

"विचारी, लाकडाचे सांचे करता काय? कितके वर्षां करता? खयच्या भट्टीसाठी?"

"वॉर्डवाल्याला साच्यांचं काय करायचंय?"

सुंदराबाईने पसरलेले पाय जवळ घेतले.

"त्याच्या फायलीवर काही होतं?" मालनने विचारलं.

"होता एक चित्र." सुंदराबाईने आठवून पाहिलं. "उंदीर होतो. ह्यो मोठो. मागच्या पायांर उभो, आणि पोटातसून पोर डोकावता..."

धोंडू बाकड्याला टेकला, तशी वरची कोकमाची सोलं घसरून त्याच्या पायांवर पडली. तो ती एकेक उचलून पुन्हा गोधडीवर ठेवू लागला, नीट, रांगेत, जणू हे काम आजच्या आज व्हायला हवं होतं.

"वाट लागली," अनंत हळूच म्हणाला. त्याला स्वतःच्या भावाचं लग्न दिसत होतं.

त्या रात्री सुंदराबाई जेवली नाही. सकाळी उजाडताच ती ठेवणीतलं नऊवारी नेसून, अंबाडा घट्ट घालून धोंडूच्या दारात उभी राहिली. माफी मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती थेट हुकूम देती झाली.

"ऊठ. माका तुज्या त्या हापिसात घेवन चल. मी खोटा बोललंय, मीच खरा सांगतलंय."

"काकी, तिथे कोणी आत सोडत नाही. इंग्रजी लागतं."

"खोटा मी मराठीत बोललंय, मगे खऱ्याक इंग्रजी कित्याक?"

धोंडू मान खाली घालून बसला होता. मालनने तोवर त्याच्या हत्यारांची पेटी बाहेर काढली. कांजूरवाल्याचं पंपाच्या झाकणाचं अर्धवट पॅटर्न फडक्यात गुंडाळलं. अनंत टेम्पो काढून तयारच होता. पेट्रोलचं नाव त्याने काढलं नाही. सख्ख्या भावासाठी माणूस तेवढं करतोच. मागे भाजीच्या रिकाम्या करंड्यांत सुंदराबाई, मालन आणि दोन साक्षीदार बायका बसल्या. पुढे धोंडू, मांडीवर पेटी.

फोर्टातल्या त्या इमारतीच्या दारावर पहारेकरी होता. त्याने धोंडूच्या चपलेकडे बघितलं, अंगठ्यापाशी सेफ्टी पिन लावलेली होती, आणि हात आडवा केला. पत्र आणलंय का? वेळ ठरलीय का? मग बाजूला. पेटीत करवत दिसली तेव्हा तर त्याने सगळ्यांना पार फुटपाथच्या कडेला नेऊन उभं केलं. ऊन डोक्यावर आलं. कारकून मंडळी रुमालाने मान पुसत जेवायला बाहेर पडू लागली आणि पेटीशेजारी बसलेल्या बायकांना वळसा घालून जाऊ लागली. मालनला वाटलं, आपण मासळी विकायला बसलोय आणि आपल्याकडे मासळीही नाही.

"तो बघ! तोच तो!" सुंदराबाई किंचाळली आणि धावली.

छत्रीवाला गृहस्थ दचकून मागे सरला. त्याने तिला ओळखलं. त्याचं नाव नंदकिशोर प्रधान. अर्ज केलेली माणसं खरी की खोटी, हे जागेवर जाऊन पाहणं ही त्याची नोकरी. वीस ठिकाणी 'इथे कोणी राहत नाही' ऐकलेलं असल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर एक कायमचा थकवा होता.

"आजी, तुम्ही? इथे?"

"साहेबा, काल मी खोटा बोललंय. ह्यो बघ धोंडू मेस्त्री. माज्या दाराफुडेच रवता. सांचे करता. तेचो बापूस सुतार, आजो सुतार."

प्रधानने धोंडूकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, फुटपाथवरच्या बायकांकडे पाहिलं. "काल म्हणालात, चाळीने जन्मात रंधा बघितला नाही. आज म्हणता, तीन पिढ्यांचा सुतार. मी कालचं धरू की आजचं?"

मालनने पॅटर्नवरचं फडकं सोडायला घेतलं. पण सुंदराबाईने तिचा हात धरला आणि स्वतः पुढे झाली.

"साहेबा, खोटा बोलूक माका माज्या पायरेवरसून उठूक लागूक नाय. खऱ्यासाठी मी ह्या वयात भाजयेच्या टेम्पोतसून इलंय, उन्हात बसलंय. आता तूच सांग, खयचा धरशीत?"

प्रधानचा थकलेला चेहरा कुठूनतरी हलला आणि तो हसला. छत्री उघडून त्याने ती सुंदराबाईच्या डोक्यावर धरली.

"अहवाल माझ्या टेबलावरच आहे. आज पुढे जाणार होता," तो म्हणाला. "मी परत येईन. पण कधी ते सांगणार नाही. आणि फुटपाथवर पेटी उघडू नका, पहारेकरी पोलीस बोलावील. मला माणूस त्याच्या जागेवर काम करताना बघायचा असतो."

झालं. चाळीचा कायदा एका दिवसात उलटा झाला. चढावर प्यांट दिसली, की चार बाया धावायच्या. शुक्रवारी विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला धरून धोंडूच्या पडवीत नेलं आणि रंधा बघायला लावला. एक विमा एजंट कोकमचं सरबत पिऊन, तीन पॅटर्न्स बघून, कोणाचाही विमा न उतरवता घाबरून उतरला. पलीकडच्या चाळीतल्या कोणा कुलकर्ण्यांचं घर शोधत आलेल्या म्हाताऱ्याने कितीही सांगितलं, तरी त्याला धोंडूचे वडील, आजोबा आणि सागवानाची प्रत ऐकल्याशिवाय सोडलं नाही. धोंडू रंधा मारून मारून घायकुतीला आला. माणूस दिसला की बायका ओरडायच्या, "मेस्त्री, चालू करा!"

"काकी, लाकूड संपत आलं गो."

"संपू दी. मगे माजो पाट घे आणि तो तास."

प्रधान शनिवारी आला तेव्हा त्याला कोणी सांगायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. पायथ्यापासून दहाबारा जणांनी त्याला 'मेस्त्री वरच राहतात, सरळ जा' म्हणून सांगितलं होतं. त्यांतल्या निम्म्यांना त्याने काही विचारलंही नव्हतं. वर आल्यावर त्याने हात जोडले. "आता सगळे गप्प बसा. अगदी सगळे."

चाळ गप्प बसली. ते तिला फार जड गेलं.

धोंडूने पट्टी कपाळाला बांधली. पहिल्यांदा रंधा अडकला. त्याने पातं काढलं, दगडावर थेंबभर तेल टाकून घासलं, अंगठ्याच्या नखावर धार बघितली. दुसऱ्यांदा लाकडातून लांब, सबंध, पातळ साल निघाली आणि गुंडाळून त्याच्या मनगटावर बसली. मग त्याला प्रधानचा विसर पडला. गोल पटाशीने तो झाकणाच्या आतली बाजू कोरत गेला, बोटाने चाचपत, पुन्हा कोरत. मालन दारात उभी होती. टाळं लागल्यापासून नवऱ्याचे खांदे असे निवांत सैलावलेले तिने बघितले नव्हते. प्रधान स्टुलावर बसून बघत होता. मधूनमधून काहीतरी विचारायचा, धोंडू मान वर न करता सांगायचा. प्रधानचं सरबत पेल्यातच राहिलं.

जाताना तो म्हणाला, "बघितलं ते लिहीन. निर्णय माझ्या हातात नसतो, तो वरून येतो. लवकर यावा म्हणून बोलेन, एवढंच."

"लवकर म्हणजे सोमवारच्या आत?" मालनने विचारलं.

"बाई, ते मी कसं सांगू?"

रविवार गेला. मालन म्हणाली, सही करू नका. धोंडू म्हणाला, दोन पोरांना काय कोट शिजवून घालू? ती रडली नाही. तिने दाखले असलेली प्लास्टिकची पिशवी कपाटातून काढली आणि त्याच्यासमोर टाकली. "घ्या. वापीच्या बाईला माझा नमस्कार सांगा."

"कोण वापीची बाई?"

"जिच्यासाठी ऑस्ट्रेलिया सोडताय ती."

सोमवारी धोंडू फाउंड्रीच्या गेटवर रांगेत उभा राहिला. आत, वाळूच्या ढिगाशेजारी टेबल टाकून मॅनेजर करंदीकर बसले होते. टाळं लागल्यापासून माणसं वाळली होती, शर्ट सैल झाले होते. एकेक जण पुढे व्हायचा, दाखले ठेवायचा, वाकून सही करायचा आणि उतरत्या खांद्यांनी बाजूला व्हायचा. धोंडूचा नंबर आला तसे करंदीकर खुर्चीत मागे रेलले.

"या, या, ऑस्ट्रेलिया! शेवटी वापीच काय?"

मागे दोघंतिघं हसले. हसायला हवं म्हणून हसले. धोंडूने पिशवी टेबलावर ठेवली. करंदीकरांनी आपलं पेन उघडून त्याच्या हातात दिलं. सही कुठे करायची, ते बोटाने दाखवलं.

त्याच्या थोडं आधी डोंगराच्या पायथ्याशी, पिठाच्या गिरणीत फोन वाजला होता. अर्जावर गिरणीचाच नंबर होता. गिरणीवाल्याने हाक मारली तेव्हा मालन दळण घेऊन तिथेच उभी होती.

"प्रधान बोलतोय. मंजूर झालंय. तुम्हा चौघांचंही. पत्र मागून येईल. पण त्या आजी पुन्हा इथे यायला नकोत, म्हणून आधी फोन केला."

"फिरणार नाही ना?"

"नाही हो बाई. शिक्का पडला."

मालनने रिसीव्हर जागेवर ठेवला की नाही, हे तिला कधीच आठवलं नाही. ती फाउंड्रीकडे धावत सुटली. मागे दळणाचा डबा तसाच. भर उन्हात, पदर खोचून, अर्धं अंग पिठाने पांढरं, अशी ती गेटवर आली. रखवालदार 'बाई, बाई' म्हणेस्तोवर ती आत होती. रांग आपोआप फाटली.

धोंडूने 'धों' एवढंच लिहिलं होतं. तिने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. टेबलावर इकडेतिकडे बघून टोपण शोधलं, ते पेनाला घट्ट लावलं आणि पेन करंदीकरांपुढे ठेवलं. मग दाखल्यांची पिशवी उचलून छातीशी धरली. तिच्यावर पिठाचे पंजे उमटले.

"अहो, हे काय चाललंय?" करंदीकर उठले. "मेस्त्री, ही कोण?"

"बायको," धोंडू म्हणाला. त्याला अजून काही कळलेलं नव्हतं. "काय गो झालं?"

"मंजूर," मालन म्हणाली. तिला धाप लागली होती. "चौघांचं."

धोंडू मटकन वाळूच्या ढिगावर बसला. त्याने एक मूठ वाळू उचलली आणि ती बोटांतून जाऊ दिली. मग तो हसायला लागला, मोठ्याने, तोंड वर करून. फाउंड्रीतल्या कोणी त्याला कधी असं हसताना ऐकलं नव्हतं. आधी दोघंतिघं पुढे आले. मग रांगेतला एकेक माणूस निघत गेला, सही केलेलेही आणि न केलेलेही. कोणी त्याच्या पाठीत थाप घातली, कोणी शिव्या घातल्या, कोणी मालनच्या पायांना हात लावला. ओतारी, भट्टीवाला, क्रेनवाला, सगळे एकाच वेळी ओरडत होते. या गेटवर कितीतरी महिन्यांत कोणाला काही मिळालं नव्हतं. आज एकाला मिळालं होतं आणि ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं ठरवलेलं दिसत होतं.

करंदीकर टेबलामागे उभे राहून 'पुढचा! पुढचा!' म्हणून ओरडत होते. पुढचा धोंडूला खांद्यावर घेऊन नाचत होता.